दोन सुना, दोन गोळ्या

आमच्या सासूबाईंच्या घरात वस्तू कधी एकटी आली नाही. साडी आली तर एकाच काठाच्या दोन. बांगड्या भरल्या तर दोघी सुनांच्या हातांत एकाच रंगाच्या. वांगं एक उरलं तर ते मधोमध चिरून दोघींच्या ताटात. "माझ्या घरात डावं-उजवं न्हाई," असं त्या आल्यागेल्याला सांगत आणि आलेला माणूस मान डोलावून चहा पिऊन जाई.

मी धाकटी सून. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत माझ्या लक्षात आलं की ही वाटणी फक्त मी आणलेल्या वस्तूंची होते. थोरलीच्या माहेरची कुडी कधी दोघींत फिरली नाही. दोन गल्ल्यांपलीकडच्या नळावरून आणायच्या पाण्याच्या घागरीही कुणी मोजून वाटल्या नाहीत, त्या मात्र तिच्याच डोक्यावर, कारण मी बाजारात. तेवढं खरं आहे, म्हणून लिहिते. बाकी न्यायाच्या गोष्टी मला कुणी सांगू नयेत.

मी चादरी विकत असे. विणताना धागा सुटलेल्या, काठ वाकडा गेलेल्या, म्हणजे दागी, चादरी मी कारखानदारांकडून गठ्ठ्याने उचलायची आणि होटगी, कुंभारी अशा जवळच्या गावांच्या बाजारात अंथरून बसायची. कारखानदार आपसांत तेलुगूत बोलून भाव ठरवत. हिला काय कळतंय, असं त्यांना वाटे. मला बाकी काही कळत नसे, आकडे तेवढे सगळे कळत. माझं भांडवल म्हणजे तोंड आणि डोळे. दहा हातांवरून मला चादरीतला तुटका धागा दिसायचा, आणि तो दाखवून मी भाव असा खाली ओढायची की माणूस शेवटी वैतागून म्हणे, "ने बाई, ने, पण गप्प बस."

मालक, म्हणजे माझे यजमान, जकात नाक्यावर कारकून होते. दिवसभर लोकांची गाठोडी सोडून बघायची, हे त्यांचं काम. घरी आल्यावर मात्र स्वतःच्या ताटात काय वाढलंय तेही ते बघत नसत.

सहा वर्षं झाली, मूल नव्हतं. थोरल्या जाऊबाईंना दोन मुली होत्या, त्यामुळे सासूबाईंच्या लेखी तीही अर्धीच, पण माझ्यापेक्षा अर्ध्याने जास्त. माझ्यावर जे उपाय व्हायचे ते झाले. अंगारे झाले, कडू काढे झाले, एकाने तर गूळ मंतरून दिला आणि तोही सासूबाईंनी दोघींत वाटला. गुळाने कुणाचं काही बिघडलं नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. शहरातल्या एका दवाखान्यात बायकांची डॉक्टर चांगली आहे, असं बाजारात शेजारी बसणाऱ्या भाजीवालीने सांगितलं. मी कुणाला न विचारता गेले. भिंतीवर लाल त्रिकोण रंगवलेला, खाली बाकावर बायकांची रांग. नर्स येऊन प्रत्येकीला एकच प्रश्न विचारी.

"किती आहेत?"

"एक बी न्हाई."

"मग या रांगेत कशाला बसलीस? ही बंद करायची रांग आहे."

"चालू करायची कुटं हाय?"

सगळी रांग हसली. नर्सला हसू आलं नाही. अशी रांगच नव्हती. सगळा देश तेव्हा पोरं थांबवायच्या मागे होता आणि पोर मागायला आलेली बाई म्हणजे त्यांना वेडी वाटे. 'गोळ्या' म्हटलं की एकाच प्रकारच्या गोळ्या. मी तिथेच आवाज चढवला. आवाज ऐकून आतून डॉक्टरबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, पांढरी सुती साडी, बोलणं सुईसारखं.

"ओरडणारी कोण? आत ये."

आत गेले. त्यांनी सगळं विचारलं आणि सगळं लिहून घेतलं. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येते हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

"नवरा कुठंय?"

"डूटीवर."

"त्याला घेऊन ये. त्याची तपासणी झाल्याशिवाय मी तुझ्या तोंडात एक गोळी घालणार नाही. दोष त्याच्यात असला तर तू कशाला औषध खायचं?"

हे वाक्य मी सहा वर्षं ऐकायला थांबले होते. पण ऐकणं वेगळं आणि मालकांना तिथवर नेणं वेगळं. दोन महिने गेले. आज साहेब आलेत, उद्या पाय मुरगळलाय, परवा अमावास्या.

"मी काय तसला हाय व्हय?" ते म्हणाले.

"नाक्यावर तुमी बायकांची गाठोडी सोडून बगता, तवा त्या समद्या चोर असत्यात व्हय? बगितल्याबिगर कळतंय का?"

शेवटी गेले. बाटलीत नमुना दिला. रिपोर्ट चांगला निघाला. त्यानंतर आठवडाभर तो कागद त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता, अर्धा बाहेर डोकावेल असा. कुणी विचारलं नाही याचंच त्यांना वाईट वाटत असावं.

मग माझा नंबर. पोट तपासलं, रक्त तपासलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं की माझ्यात बीज आहे, पण दर महिन्याला ते सुटून बाहेर येत नाही. ते सुटावं म्हणून एक गोळी असते. नवी आहे, इथे सहज मिळत नाही, दुकानदार पुण्याहून मागवून देईल. पाळी आल्यापासून पाचव्या दिवशी सुरू करायची, रोज एक, पाच दिवस.

"रोज दोन द्या की बाई," मी म्हटलं. "एवढ्या लांबनं मागवायची, तर जरा जास्तीच मागवू. लवकर हुईल."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तू काय विकतेस?"

"चादरी."

"गिऱ्हाइकानं तुला सांगितलं, थंडी फार आहे, एकावर एक दहा चादरी पांघरतो, तर?"

"तर म्या धा इकीन."

"मी विकत नाही. एक म्हणजे एक. या गोळीनं बीजकोश सुजू शकतो. जास्त घेतलीस तर पोटात पाणी होईल, श्वास लागेल. जुळं राहू शकतं. नीट ऐक. डोळ्यांपुढं चमकायला लागलं, अंधुक दिसलं, ओटीपोटात दुखलं, की त्या दिवशी गोळी बंद आणि सरळ इथं यायचं. पाळी लांबली तर पुढची गोळी मनानं सुरू करायची नाही, दिवस गेलेत का ते आधी मी बघणार. दर खेपेला आधी तपासणी, मग चिठ्ठी. कावीळ झाली होती कधी?"

"न्हाई."

"बरं. आणि ही गोळी तुझी. दुसरीला द्यायची नाही. शेजारीण रडत आली तरी नाही."

शेजारीण रडत आली असती तर मी तिला चादरसुद्धा उधार दिली नसती. त्या बाबतीत मी निर्धास्त होते.

आणखी एक काम त्यांनी दिलं. काचेची नळी, म्हणजे थर्मामीटर, आणि चौकटीचा कागद. रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आत नळी तोंडात धरायची आणि आकडा कागदावर टिंबाने मांडायचा. बीज सुटलं की टिंबं जराशी वर चढतात आणि वरच राहतात. हे मला आवडलं. अंगाऱ्यात असं काही दिसत नाही. सासूबाईंना मात्र आवडलं नाही. सून तोंडात काच धरून पडून राहते आणि थोरली उठून चूल पेटवते, हा त्यांच्या राज्यातला पहिला उघड अन्याय.

"तोंडात ताप मोजत्यात, तर पोर काय तोंडातनं व्हनार हाय का?" त्या जाऊबाईंना मोठ्याने म्हणत. मला उत्तर देता येत नसे, तोंडात नळी असे. माझ्या आयुष्यात मी सकाळी पाच मिनिटं गप्प बसले ती तेवढ्याच दिवसांत.

पहिली खेप झाली. रोज एक, पाच दिवस, मी स्वतः गोळी खाल्ली. अंगातून एकदम वाफ निघाल्यासारखं व्हायचं, बाजारात बसल्या बसल्या घाम फुटायचा. बाकी काही नाही. टिंबं सरळ रेघेत राहिली, होटगीकडे जाणाऱ्या रुळांसारखी. डॉक्टरबाईंनी पोट तपासलं, कागद पाहिला, वेगळ्या गोळ्यांनी पाळी आणली आणि म्हणाल्या, "आता रोज दोन. पाच दिवस. पुन्हा सांगते, चमकलं की बंद."

"म्या आधीच म्हनत हुते," मी म्हटलं.

"तू म्हणत होतीस म्हणून देत नाही. एकीनं काम झालं नाही हे दिसलं म्हणून देते. चल, नीघ."

घरी मी दहा गोळ्यांचं पाकीट सासूबाईंपुढे ठेवलं. रोज दोन घ्यायच्यात, असं सांगितलं. का सांगितलं, तर मिरवायला. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी सहा वर्षांत न पाहिलेली माया आली.

"ही गोळी गरम हाय," त्या म्हणाल्या. "मागल्या खेपेला घाम फुटत हुता न्हवं तुला? ही दुदात कुटून घ्यावी, खडीसाखर घालून. तू बाजारातनं येशील तवा मी तयार ठेवीन. तू नगंस बघू."

आता मी भाव करणारी बाई. समोरचा माणूस आपणहून जास्त द्यायला लागला की माल नासका आहे, हे मला शेंबड्या वयापासून ठाऊक. पण त्या घरात माझ्यासाठी कुणी कधी काही कुटलं नव्हतं. रोज संध्याकाळी मी गठ्ठा टेकवायची आणि सासूबाई पेला पुढे करायच्या. कोमट, गोड, तळाला पांढरी भुकटी. मी ती बोटाने पुसून चाटायची. मोरीत रोज माझ्या पेल्याशेजारी आणखी एक पेला दिसायचा, त्याच्याही तळाला तसलीच भुकटी. मी म्हटलं, म्हातारी पण साखरदूध पीत असेल. पिऊ दे.

हीच ती माझी चूक. आयुष्यात एकदा डोळे मिटून माल घेतला, तो असला.

सहाव्या-सातव्या दिवशी दुपारी मी ओसरीवर चादरी घडी करत होते. जाऊबाई तांदूळ निवडत होती. तिला मी अक्का म्हणायची. ती सूप खाली ठेवून माझ्या चादरीकडे बघत बसली.

"धाकटे, ह्या चादरीत जरी हाय का गं?"

"दागी चादरीत कुटली आली जरी, अक्का?"

"मग हे चमकतंय काय? हितं. आता तितं बी. कालपासनं चुलीकडं बगितलं तरी असंच."

आणि तिने ओटीपोटावर हात दाबून धरला.

मी चादर खाली ठेवली. डॉक्टरबाईंचा आवाज कानात जसाच्या तसा आला. चमकलं, दुखलं, बंद, इथं यायचं. हे माझ्या पोटाबद्दल आणि माझ्या डोळ्यांबद्दल सांगितलं होतं. माझे डोळे तर स्वच्छ होते, त्या दिवशी एका चादरीतले तीन धागे मी पकडले होते. मग हिला का चमकतं? आणि मला मोरीतले दोन पेले दिसले.

"अक्का, सांजच्याला दूद तू पीत हुतीस?"

सुपातला एक खडा उचलून तिने उगाच दूर फेकला.

"पीत हुतीस का न्हाई?"

"आत्याबाईंनी दिलं, म्या प्याले. म्हनल्या, पोरगं हुईल."

मी किती ओरडले ते मला आठवत नाही. गल्लीतल्या लोकांना आठवतं. सासूबाई आतून हात पुसत आल्या, आणि त्यांच्या तोंडावर लाज म्हणाल तर औषधालाही नव्हती.

"काय झालं वरडाया? रोज दोन गोळ्या. घरात दोन सुना. ह्यात चुकलं काय माझं?"

"त्या दोनी माझ्या हुत्या!"

"तुझ्या एकटीच्या कशा? या घरात एकटीचं काय असतंय?"

"डाक्टरनीनं मला दिल्यात, माझं पोट तपासून!"

"तिला ठावं असंल माझ्या दोन सुना हायेत, म्हनूनच दोन दिल्या. मागल्या खेपेला एक दिली, तवा मी मागितली का? एवढीशी गोळी, चिरायची कशी? आता दोन दिल्या तर एक एक. थोरलीला पोरगं नगं का?"

मी उभ्या आयुष्यात लबाड माणसांशी भांडले आहे आणि जिंकले आहे. लबाडाला आपण लबाडी करतोय हे ठाऊक असतं, म्हणून तो कुठेतरी अडखळतो. ही बाई न्याय करत होती. ती कशाला अडखळेल?

मी जाऊबाईला टांग्यात घातलं आणि दवाखान्यात नेलं. खरं सांगायचं तर तिच्या पोटाची काळजी मला दुसरी होती. पहिली काळजी ही की माझी खेप गेली. डॉक्टरबाईंनी तीन-चार खेपांपलीकडे ही गोळी देणार नाही, असं आधीच बजावलं होतं, आणि त्यातली एक अर्धी ह्या बाईच्या पोटात बसून टांग्याने निघाली होती.

डॉक्टरबाईंनी तिला आत घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

"एका बाजूचा बीजकोश सुजलाय. चांगला लिंबाएवढा. हिला काही झालं होतं का आधी? कावीळ?"

अक्का खाली बघत म्हणाली, "दोन वर्सांमागं. कुंभारीला जाऊन गळ्यात माळ घातली हुती, उतरली."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. कावीळ झालेल्या बाईला ही गोळी यकृत तपासल्याशिवाय द्यायचीच नसते. हिला दिवस गेलेले असते तर? हिची गोष्ट कुणी विचारली होती? त्या अशा हळू आवाजात बोलत होत्या की ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग माझ्याकडे वळल्या.

"मी तुला काय सांगितलं होतं? गोळी तुझी. तुझ्या हातातून गेली कशी?"

"बाई, सासूनं..."

"सासूला मी ओळखत नाही. चिठ्ठी तुझ्या नावाची आहे. आणि तुला कळतंय का, तुझा कागद बघून मी काय समजले असते? दोननं काम झालं नाही, म्हणून पुढच्या खेपेला तीन दिल्या असत्या. तुझ्या पोटात गेलेली एक, आणि मी देणार तीन. त्यातनं काही झालं असतं तर दोष गोळीला आला असता."

नर्सांसमोर, रांगेतल्या बायकांसमोर बोलल्या. मी गोळी चोरली नव्हती, वाटली नव्हती, माझीच लुटली गेली होती, आणि बोलणी मी खाल्ली. त्यांचं म्हणणं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच ते आजही सलतं. चुकीचं बोलणाऱ्याला परत बोलता येतं.

अक्काला विश्रांती सांगितली. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, पोट फुगलं, उलटी झाली किंवा दम लागला तर तडक यायचं. म्हणजे पाण्याच्या सगळ्या घागरी माझ्या डोक्यावर. सकाळी पाणी, मग बाजार, संध्याकाळी पुन्हा पाणी. सासूबाईंना या वेळी मात्र वाटणीची आठवण झाली नाही. उलट गल्लीत सांगत सुटल्या, "धाकटीच्या औषदानं माझी थोरली झोपली." आलेली माणसं मान डोलवत आणि चहा पिऊन जात.

दीड महिन्यात अक्काची सूज उतरली, डोळ्यांपुढचे काजवे तर त्याआधीच गेले. माझी टिंबं त्या खेपेला सरळच राहिली, ते अपेक्षितच होतं. डॉक्टरबाईंनी एक महिना रिकामा सोडायला लावला. मी पुष्कळ हुज्जत घातली. त्या ऐकूनच घेत नव्हत्या, माझं बोलणं चालू असताना दुसऱ्या बाईला आत बोलवत. मग पुन्हा तपासणी, पुन्हा चिठ्ठी, पुन्हा रोज दोन.

या वेळी पाकीट मी घरात काढलं नाही. कमरेच्या चंचीत, सुपारीच्या जागी ठेवलं. बाजारात चादरींवर बसून, घोटभर पाण्याबरोबर दोन्ही गोळ्या अख्ख्या गिळायची. घरी कळायचं ते कळलंच. सासूबाईंनी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मालक जेवताना म्हणाले, "आई म्हनती तर एक देऊन टाक की थोरलीला. घरात शांतता ऱ्हाईल."

"तिला त्यानं झोपवलं ते बगितलंत न्हवं?"

"मग नुसती दाखवायला दे. तिनं खायाची न्हाई."

"तुमी तुमचा रिपोर्ट अर्दा फाडून थोरल्या भावाला द्या. मग म्या गोळी देते."

ते पुढे जेवले. कागद अजून त्यांच्याजवळ होता, मला खात्री आहे.

त्या खेपेला टिंबं चढली. सतराव्या सकाळी मी नळी दोनदा झटकून पाहिली, तरी आकडा वरच. मी आयुष्यात पुष्कळ सौदे मारले, पण असा आनंद नाही. पण दोन आठवड्यांनी टिंबं खाली आली आणि पाळी आली. पुढच्या खेपेला आधी तपासणी, मग तेवढ्याच गोळ्या, पुन्हा टिंबं चढली, आणि या वेळी उतरलीच नाहीत. मला राहवेना. वाटलं, पाळी लांबलीय, आणखी पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या तर पक्कं होईल. असं वाटणारी बाई मी एकटीच नसेन. दुकानदारही चिठ्ठी न मागता द्यायला तयार होता, वर म्हणाला, "ताई, ताकदीच्याच हायत्या." मी पाकीट हातात घेतलंसुद्धा. मग डॉक्टरबाईंची ती सुई कानात टोचली आणि मी पाकीट त्याच्या काउंटरवर आपटून सरळ दवाखान्यात गेले.

त्यांनी तपासलं. म्हणाल्या, "गोळी बंद. कायमची. दिवस गेलेत."

मग त्याच म्हणाल्या, "आज ओरडायचं नाही का?"

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. सासूबाईंनी हिरव्या साड्या आणल्या. दोन. पाटही दोन मांडले. अक्काला माझ्या शेजारी बसवलं आणि दोघींच्या ओट्या भरल्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आत्याबाई," मी म्हटलं, "पोट बी मदोमद चिरून देऊ का?"

अक्का उठली. तिच्या ओटीतला नारळ तिने माझ्या ओटीत ठेवला आणि आत निघून गेली. तिला वाईट वाटलं होतं की राग आला होता, मी कधी विचारलं नाही. नारळ मात्र मी परत केला नाही.

मुलगी झाली. रंग माझा, घसाही माझा. सासूबाई दवाखान्यात आल्या, दुपटं बाजूला करून पाहिलं आणि मग खाटेखाली, पाळण्यापलीकडे बघायला लागल्या. डॉक्टरबाई जुळ्याचं बोलल्या होत्या, हे कधीतरी मीच घरी बोलून गेले होते, ते या बाईने मनात धरून ठेवलं होतं. एक धाकटीला, एक थोरलीला. सगळं मोजून झालं होतं.

"एकच?" त्या म्हणाल्या. "रोज दोन गोळ्या खाऊन एकच पोर? ते बी पोरगी?"

अक्का माझ्यासाठी शेपूची भाजी करून घेऊन आली होती. डबा खाली ठेवत म्हणाली, "आत्याबाई, दुसरी माझ्या पोटात जिरली. तुमीच कुटून दिलीसा न्हवं."

मला हसू आलं, आणि हसताना टाके इतके ओढले की डोळ्यांत पाणी आलं. अक्काही हसली. सासूबाई तेवढ्या दाराकडे बघत राहिल्या.

हसले म्हणून माफ केलं असं कुणी समजू नये. त्या दुधात माझी गोळी आहे, हे अक्काला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाच संध्याकाळी ती माझ्या समोर उभी होती, माझा पेला मोरीत विसळत होती, आणि एक शब्द बोलली नाही. मी तिला हे त्या खाटेवरच सांगितलं.

"बोलले असते," ती म्हणाली, "तर मला कुनी काय दिलं असतं?"

मी मुलीला तिच्या हातात दिलं. थोडा वेळच. मग परत घेतलं.